डेस्कटॉप सॉफ्टवेअर ब्राउझरमधून द्यायचं आहे: तीन जागा, चौदा माणसं, एक वजनकाटा

मोल्डिंगसँड (धागालेखक)

नमस्कार मंडळी. अर्धवट माहिती दिली की उत्तरंही तशीच येतात, म्हणून सगळं मांडतो.

सॉफ्टवेअर व्हीबी डॉट नेटमधलं, विनफॉर्म्स (विंडोजच्या खिडक्यांचे फॉर्म बनवायची पद्धत), डॉट नेट फ्रेमवर्क ४.८. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्स्प्रेस. साठेक फॉर्म आहेत: कास्टिंगच्या ऑर्डरी, जॉबवर्कची आवक-जावक, चलन, बिलं. रिपोर्ट क्रिस्टल रिपोर्ट्स या साधनात.

जागा तीन, सगळ्या कोल्हापूर परिसरात. शिरोली एमआयडीसीत फौंड्री, सर्व्हर इथंच. गोकुळ शिरगावला मशीन शॉप. शाहूपुरीत ऑफिस. शिरोलीच्या गेटवर वजनकाटा आहे, त्याचं वजन कॉम पोर्टवरून (सिरियल केबलनं) थेट फॉर्ममध्ये येतं. गोकुळ शिरगावला डिस्पॅचवर बारकोड लेबलचा प्रिंटर. शाहूपुरीत डॉट मॅट्रिक्स, तीन प्रतींचा सलग कागद, १० बाय १२.

मालकांची मागणी एका वाक्यात: "लिंक द्या, क्रोममध्ये उघडू दे, आणि नव्यानं लिहायचा खर्च काढू नका." कुठल्या वाटेनं जावं?

साठमारी

"ब्राउझरमधून" याचे दोन अर्थ होतात आणि निम्मे घोळ तिथंच होतात. पहिला अर्थ: लिंकवर टिचकी मारली की सॉफ्टवेअर त्या माणसाच्याच पीसीवर उतरतं आणि तिथंच चालतं. ब्राउझर फक्त दार. विंडोजवर याला क्लिकवन्स म्हणतात, २००५ साली डॉट नेट २.० बरोबर आलं. दुसरा अर्थ: सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालतं आणि टॅबमध्ये त्याचं नुसतं चित्र दिसतं. मायक्रोसॉफ्टचा रिमोट डेस्कटॉप वेब क्लायंट किंवा अपाची ग्वाकामोली या जातीतले.

तिसरी वाट वेब असेंब्लीची, म्हणजे कोड ब्राउझरच्या आतच चालवायची. ती तुमच्यासाठी नाही. ब्राउझरमधल्या कोडला थेट टीसीपी सॉकेट (नेटवर्कवरची सरळ जोडणी) उघडता येत नाही, म्हणजे १४३३ पोर्टवरच्या एसक्यूएल सर्व्हरशी तो बोलूच शकत नाही. मध्ये एपीआय (ब्राउझर आणि डेटाबेसमधला दुवा) लिहावा लागतो, आणि विनफॉर्म्सचे फॉर्म जसेच्या तसे तिकडं जातही नाहीत. म्हणजे नव्यानं लिहिणंच आलं.

आता दोघांतलं कुठलं, हे प्रत्येक खुर्ची बघून ठरवा. चौदा जणांना एकच उपाय लावायचा हट्ट धरलात तर वजनकाटा तरी अडेल, नाहीतर शाहूपुरी तरी.

तांबडा_पांढरा

जावा वेब स्टार्ट (लिंकवरून जावाचं सॉफ्टवेअर उघडणं) राहिलं की! आमच्याकडं एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर अजून तसंच उघडतंय.

साठमारी

जावाचं असेल तर. ओरॅकलनं जावा ११ मधून, म्हणजे २०१८ साली, वेब स्टार्ट काढून टाकलं. आता ओपनवेबस्टार्ट वेगळं बसवून जेएनएलपी फाइल (वेब स्टार्टची लिंक-फाइल) उघडता येते. ॲपलेट (वेबपानातच चालणारं जावा) तर त्याआधीच गेलं, क्रोमनं २०१५ मध्ये प्लगइनचा जुना दरवाजा बंद केला तेव्हा. धागालेखकांचं डॉट नेट आहे, त्यामुळं हा विषय इथंच सोडू.

मोल्डिंगसँड

क्लिकवन्स सगळ्यांनाच दिलं तर? शाहूपुरी आणि गोकुळ शिरगावहून व्हीपीएननं (इंटरनेटवरच्या खाजगी बोगद्यातून) शिरोलीच्या एसक्यूएलला जोडायचं. सर्व्हरचं लायसन्स पण वाचेल.

बिंदूचौक

इथंच गणित करा. जुन्या पद्धतीचा फॉर्म उघडताना किती क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) जातात ते एसक्यूएलच्या प्रोफायलरमध्ये मोजा. ग्रिडच्या प्रत्येक ओळीला पार्टीचं नाव, आयटमचं नाव, दर असं वेगवेगळं विचारणारा फॉर्म दोनशे क्वेरी सहज मारतो. एकाच लॅनमध्ये एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरा, म्हणजे २०० गुणिले ०.५, एक दशांश सेकंद. माणसाला कळतही नाही. तेच व्हीपीएनवरून ३० मिलिसेकंदांची फेरी धरा, सहा सेकंद. फॉर्म तोच, सर्व्हर तोच. लाइनचा स्पीड ५० ऐवजी ३०० एमबीपीएस केला तरी सहा सेकंद सहाच राहतात, कारण वेळ जातोय हेलपाट्यात. डाक घेऊन जाणाऱ्याला मोठी पिशवी दिली म्हणून तो लवकर पोचत नाही.

सॉफ्टवेअर डेटाबेसच्या शेजारी चालवलं आणि शाहूपुरीला फक्त चित्र पाठवलं की या दोनशे फेऱ्या शिरोलीतच संपतात. बाहेर जातात त्या कळा आणि माऊस, आत येतं ते स्क्रीनवर बदललेलं तेवढंच. म्हणून शिरोलीच्या लॅनवरच्यांना क्लिकवन्स, बाहेरच्यांना ब्राउझरमधलं चित्र.

व्हीपीएन मात्र लागणारच आहे, पण प्रिंटरसाठी. त्यावर खाली लिहितो.

साठमारी

+१. आधी क्लिकवन्सचं लिहितो, ते सोपं आहे.

व्हिज्युअल स्टुडिओत पब्लिश करताना इन्स्टॉलेशन यूआरएल नीट भरा. क्रोममधून डॉट ॲप्लिकेशन फाइल नुसती डाउनलोड होते. ती उघडल्यावर आत लिहिलेल्या याच पत्त्यावरून बाकीच्या फायली येतात. एजमध्ये लिंकवरून सरळ चालू होतं. क्रोमच्या डाउनलोडमधून उघडताना पत्त्याच्या शेपटीला लावलेले पॅरामीटर गळतात, म्हणून "लिंकमध्ये शाखेचा कोड पाठवू" वगैरे बेत करू नका.

आयआयएसवर (विंडोजचा वेब सर्व्हर) डॉट ॲप्लिकेशन, डॉट मॅनिफेस्ट आणि डॉट डिप्लॉय या तिघांचे माइम प्रकार (फाइल कशाची आहे हे सांगणारी नोंद) तपासा. डॉट डिप्लॉय वापरायचा पर्याय चालूच ठेवा. आयआयएस कॉन्फिग फाइल बाहेर देत नाही, शेवटी डिप्लॉय लागलं की देतं.

सगळ्यात जास्त येणारी अडचण: "फाइलचा हॅश मॅनिफेस्टमधल्याशी जुळत नाही". मॅनिफेस्ट म्हणजे फायलींची सही केलेली यादी, हॅश म्हणजे फाइलचा ठसा. कारण जवळजवळ नेहमी एकच. पब्लिश झाल्यावर कुणीतरी सर्व्हरवर जाऊन कॉन्फिग फाइलीत डेटाबेसचा पत्ता बदललेला असतो. एक अक्षर बदललं तरी सही तुटते. बदल करायचाच तर मेज या साधनानं आधी ॲप्लिकेशन मॅनिफेस्ट आणि मग डिप्लॉयमेंट मॅनिफेस्ट, याच क्रमानं पुन्हा सही करायची. क्रम उलटा झाला की परत तीच चूक.

दुसरी अडचण: "ॲप्लिकेशन सुरू होऊ शकत नाही, विक्रेत्याशी संपर्क साधा". त्या खिडकीत तपशिलाचं बटण असतं, त्यात खरी ओळ सापडते. कॅशे बिघडली असेल तर युजरच्या लोकल ॲपडेटामध्ये ॲप्स, त्यात २.० हा फोल्डर असतो. सॉफ्टवेअर बंद करून तो काढायचा आणि लिंकवरून पुन्हा उघडायचं. त्या युजरची सगळीच क्लिकवन्स सॉफ्टवेअरं त्यात असतात, एवढं ध्यानात ठेवा.

क्रिस्टलचं रनटाइम (रिपोर्ट उघडायला लागणारा भाग) क्लिकवन्सनं आपोआप बसणार नाही. त्याचा एमएसआय (इन्स्टॉलर) ॲडमिन अधिकारानं प्रत्येक पीसीवर एकदा हातानं बसवा. रनटाइम ३२ बिटचं असेल तर प्रोजेक्टही एक्स८६ लाच बांधा. "एनी सीपीयू" ठेवलं की ६४ बिटच्या पीसीवर रिपोर्ट उघडताना आपटतं, आणि लोक क्रिस्टलला शिव्या देत बसतात.

रंकाळ्याचा_वारा

सहीचं सर्टिफिकेट विकतचं घ्यावं का स्वतः बनवलेलं चालतं?

साठमारी

शिरोलीतल्या मोजक्या पीसींसाठी स्वतःचं चालतं. ग्रुप पॉलिसीनं (डोमेनवरून सगळ्या पीसींना एकदम लागणारे नियम) ते ट्रस्टेड रूट आणि ट्रस्टेड पब्लिशर अशा दोन्ही ठिकाणी ढकला, एकाच ठिकाणी टाकलं तर इशाऱ्याची खिडकी येत राहते. विकतचं घेणार असाल तर जून २०२३ पासून त्याची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तसल्याच सुरक्षित उपकरणात असावी लागते. पूर्वीसारखी पीएफएक्स फाइल मेलवर येत नाही. आणि कुठलंही घ्या, सही करताना टाइमस्टॅम्प लावा. नाहीतर सर्टिफिकेट संपलं त्या दिवशी जुन्या सह्याही बाद.

मोल्डिंगसँड

वजनकाट्याचा पीसी शिरोलीच्या लॅनवरच आहे, म्हणजे तो क्लिकवन्समध्ये जातो. बरोबर?

बिंदूचौक

बरोबर, आणि तो तिथंच राहू द्या. ब्राउझरच्या टॅबमधल्या रिमोट सत्राला गेटवरच्या पीसीचा कॉम पोर्ट दिसत नाही. विंडोजच्या मूळ रिमोट डेस्कटॉप क्लायंटमधून कॉम पोर्ट पुढं पाठवता येतो, पण गेटवर रात्रपाळीचा माणूस असतो, त्याला एक टिचकी पुरे.

क्लिकवन्समध्ये पोर्टचा क्रमांक कोडमध्ये कोरू नका. यूएसबी ते सिरियलचं केबल दुसऱ्या भोकात घातलं की कॉम ३ चा कॉम ७ होतो. पोर्ट, बॉड रेट, पॅरिटी हे युजर सेटिंगमध्ये ठेवा. काट्याचा इंडिकेटर सतत आकडे ओकत असतो, त्यामुळं पहिली ओळ अर्धी येते. ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत वाचून पहिली टाकून द्या, मग लागोपाठ तीन वाचनं सारखी आली तरच वजन घ्या. ट्रक हलत असताना "घ्या" दाबणारे कमी नाहीत.

तांबडा_पांढरा

आता मुख्य रस्सा वाढा. शाहूपुरीवाले वाट बघत्यात.

बिंदूचौक

वाढतो. विंडोजची सरळ वाट अशी.

एक बऱ्यापैकी मशीन, ३२ जीबी रॅम. त्यावर फक्त हायपर-व्ही (एका मशीनमध्ये अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं). विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स मशीनच्या सगळ्या कोअरसाठी घेतलं की त्यात दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात, मात्र खालच्या मूळ विंडोजवर दुसरं काही चालवायचं नाही. एका व्हीएमवर डोमेन कंट्रोलर (सगळी लॉगिनं सांभाळणारा), दुसरीवर रिमोट डेस्कटॉपचे रोल. एसक्यूएल आहे तिथंच राहू दे. डोमेन टाळू नका. ब्रोकर (सत्रं वाटून देणारा), वेब ॲक्सेस (लॉगिनचं पान) हे सगळं डोमेनशिवाय नीट उभं राहत नाही, आणि वर्कग्रुपवर पर-युजर लायसन्स लावलं तर २०१९ पासून साठ मिनिटांनी सत्र तोडलं जातं.

लायसन्स दोन प्रकारची लागतात, माणशी सर्व्हर कॅल (सर्व्हर वापरायचा परवाना) आणि माणशी आरडीएस कॅल (रिमोट डेस्कटॉपचा परवाना). सुरुवातीला १२० दिवस आरडीएस कॅलशिवाय चालतं, तेवढ्यात चाचणी उरका. वेब क्लायंटसाठी कॅल पर-युजरच घ्या. पर-डिव्हाइस घेतली तर ब्राउझरच्या जोडण्या लायसन्स गिळत सुटतात.

सॉफ्टवेअर बसवायच्या आधी कमांडवर चेंज युजर, स्पेस, स्लॅश इन्स्टॉल. झाल्यावर तेच, स्लॅश एक्झिक्यूट. मग रिमोटॲप म्हणून फक्त तुमची एक्सई प्रसिद्ध करा, अख्खा डेस्कटॉप देऊ नका.

वेब क्लायंट वेगळा बसवावा लागतो, रोलबरोबर येत नाही. वेब ॲक्सेसच्या व्हीएमवर पॉवरशेलमधून आरडी वेब क्लायंट मॅनेजमेंट हे मॉड्यूल घ्यायचं. मग पॅकेज इन्स्टॉल, मग ब्रोकरचं सर्टिफिकेट इम्पोर्ट (खाजगी किल्लीशिवायची डॉट सीईआर फाइल), मग पॅकेज पब्लिश, प्रकार प्रॉडक्शन. पत्ता होतो तुमचं डोमेन, स्लॅश आरडीवेब, स्लॅश वेबक्लायंट. पान उघडतं, लॉगिन होतं, पण सॉफ्टवेअर उघडताना जोडणी तुटते अशी तक्रार आली तर पहिला संशय या मधल्या इम्पोर्टवर घ्या. सर्टिफिकेट नवं केलं की इम्पोर्टही पुन्हा करावं लागतं. नव्वद दिवसांचं फुकट सर्टिफिकेट वापरणाऱ्यांनी हे स्क्रिप्टमध्येच घालावं.

बाहेर फक्त ४४३ पोर्ट उघडा, रिमोट डेस्कटॉप गेटवेमार्फत. ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचं मूळ पोर्ट) राउटरवरून उघडं ठेवणं म्हणजे गुजरीत सराफी दुकान उघडं टाकून जेवायला जाणं.

रंकाळ्याचा_वारा

ग्वाकामोली फुकट आहे की. कॅल पण लागत नाही.

बिंदूचौक

ग्वाकामोली फुकट, विंडोज नाही. मध्ये कुठलंही सॉफ्टवेअर घाला, शेवटी बाहेरचे सगळे विंडोज सर्व्हरची सत्रं वापरतात, त्यांना कॅल लागतेच. सर्व्हरवर जी दोन सत्रं अशीच मिळतात ती देखभालीसाठी आहेत, बिलं करायला नाहीत. आणि विंडोज ११ प्रोमध्ये डीएलएल बदलून पाच जण घुसवायचे जे जुगाड फिरतात, ते लायसन्सच्या बाहेरचे आहेत आणि विंडोज अपडेट आलं की मोडतात.

साठमारी

तरी ग्वाकामोलीची बाजू मांडतो, कारण ते चांगलं आहे. लिनक्सवर ग्वाकडी हा डेमन (मागं चालणारा प्रोग्राम) ४८२२ पोर्टवर आणि टॉमकॅटमध्ये (जावाचा वेब सर्व्हर) वेबचा भाग. टॉमकॅट ९ घ्या. नव्या डेबियन-उबुंटूत टॉमकॅट १० मिळतो, त्यावर ग्वाकामोली १.५ ची वॉर फाइल चढत नाही आणि पान नुसतं ४०४ दाखवतं. डॉकरच्या तयार प्रतिमा वापरल्या तर ही कटकट नाही. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, त्यात वेबसॉकेटचे अपग्रेड हेडर पुढं पाठवा आणि प्रॉक्सी बफरिंग बंद करा. बफरिंग राहिलं तर स्क्रीन गचके खात हलते आणि दोष लाइनवर येतो. पहिलं काम, ग्वाकॲडमिन या तयार खात्याचा मूळ पासवर्ड बदलणं. टीओटीपीचं एक्स्टेन्शन टाकलं की मोबाइलवरच्या आकड्यांशिवाय लॉगिन नाही.

रिमोटॲप देताना नावाच्या आधी दोन उभ्या रेघा लावतात, त्या विसरल्या तर ॲप उघडत नाही.

आवडलेली गोष्ट: फायली. ड्राइव्ह चालू केला की सत्रात एक डिस्क दिसते. तिच्यातल्या डाउनलोड फोल्डरमध्ये एक्सेल टाकली की ब्राउझर ती युजरच्या पीसीवर उतरवतो.

एक्सेल निघालीच आहे तर, तुमचा एक्स्पोर्ट ऑफिस इंटरॉपनं (मागं एक्सेलच चालवून) असेल तर सर्व्हरवर ऑफिस लागेल, आणि किरकोळ विक्रीचं ऑफिस टर्मिनल सर्व्हरवर चालवायला परवानगी नाही. क्लोज्डएक्सएमएल लायब्ररी वापरून फाइल थेट लिहा. कोडचा बदल लहान आहे, खर्च मोठा वाचतो.

मोल्डिंगसँड

दोन शंका. सॉफ्टवेअरमध्ये सगळी कामं फंक्शन की आणि कंट्रोलच्या जोड्यांवर आहेत. आणि पार्टीची नावं मराठीत टाइप होतात.

रंकाळ्याचा_वारा

कंट्रोल डब्ल्यू, कंट्रोल टी, कंट्रोल एन हे ब्राउझर स्वतःकडं ठेवतो. तुमच्याकडं कंट्रोल डब्ल्यूवर "वजन" असेल तर टॅबच बंद होईल. या तीन जोड्या सॉफ्टवेअरमध्ये बदला, दुसरा खात्रीचा उपाय नाही.

टॅब बंद झाला तरी सत्र सर्व्हरवर जिवंत राहतं. अर्धवट उघडलेलं चलन आणि त्याचं लॉक तसंच. म्हणून ग्रुप पॉलिसीत तुटलेलं सत्र पंधरा ते तीस मिनिटांनी संपवायची मर्यादा लावा. एकदम कमी वेळ लावू नका, लाइट गेली आणि राउटर परत चालू व्हायला पाच मिनिटं लागली तर माणसाला आपलं काम जिथल्या तिथं मिळालं पाहिजे. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. दोघांनी एकाच नावानं शिरायचं म्हटलं तर एक आत आला की दुसरा बाहेर.

मराठीसाठी कीबोर्ड सर्व्हरवर बसवा, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, आणि युजरच्या पीसीवर इंग्रजीच ठेवा. दोन्हीकडं मराठी ठेवलं की जोडाक्षरं तुटतात, "कोल्हापूर"मधला ल्हा सुटून बसतो. जुना बिगर-युनिकोड फाँट असेल तर तो सर्व्हरवर असला की पुरे, टॅबमध्ये चित्रच येतं.

मोल्डिंगसँड

राहिले प्रिंटर.

बिंदूचौक

इथं खरी परीक्षा. वेब क्लायंट असो वा ग्वाकामोली, छपाईची पीडीएफ बनते आणि ती ब्राउझरमधून छापायची. ए४ लेझरला उत्तम. लेबलला बेकार: २०३ डीपीआयच्या प्रिंटरवर पीडीएफ लहान-मोठी होऊन बसते, बारीक रेघा जाड होतात आणि स्कॅनर वाचत नाही. डॉट मॅट्रिक्सला त्याहून बेकार: अक्षरांचं चित्र होतं, हेड एकेका ओळीवर तीन-तीनदा फिरतं आणि तिसरी प्रत फिकी.

उपाय म्हणजे ब्राउझरला छपाईतून काढूनच टाकायचं. तिन्ही जागांच्या राउटरमध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन, शिरोलीला स्थिर आयपी, बाकी दोघांना नसला तरी चालतो. त्या दोघांकडं पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद लावा, नाहीतर तिकडून हालचाल नसताना बोगदा झोपतो आणि शिरोलीतून धाडलेली प्रिंट पोचत नाही. लेबल प्रिंटर लॅन पोर्टचा असेल तर सर्व्हरवर त्याचा ड्रायव्हर, पोर्ट ९१००, पत्ता गोकुळ शिरगावचा. सत्रात तो साधा प्रिंटर म्हणून दिसतो आणि कच्च्या कमांड जशाच्या तशा पोचतात. यूएसबीवालाच असेल तर लहान प्रिंट सर्व्हरचा डबा लावा.

शिरोलीला स्थिर आयपी घेताना राउटरच्या वॅनवर दिसणारा पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता एकच आहे ना ते बघा. वॅनवर १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला पत्ता असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागं (एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला) आहात आणि बाहेरून कुणीच आत येणार नाही.

तांबडा_पांढरा

ई-इन्व्हॉइसचा क्यूआर पण डॉट मॅट्रिक्सवर काढणार काय? तो नऊ पिनांच्या हेडवर दाट होतो, मोबाइल वाचत नाही. बिल लेझरवर, चलन डॉट मॅट्रिक्सवर अशी वाटणी करा बघा.

मोल्डिंगसँड

बिलं लेझरवरच आहेत, डॉट मॅट्रिक्सवर फक्त चलन. बोगदा आणि ९१०० चा प्रयोग केला, चलन छापतंय. पण प्रत्येक चलनामागं छपाई थोडी वर सरकते, दहाव्या चलनाला मथळा फाडायच्या रेषेवर येतोय.

बिंदूचौक

कागदाचा आकार सर्व्हरवर नाही, म्हणून ड्रायव्हर ए४ धरतोय. ए४ ची उंची ११.६९ इंच, तुमचा कागद १२. चलनामागं कागद ०.३१ इंच कमी सरकतो, दहाव्यापर्यंत जवळजवळ तीन इंच. सर्व्हरच्या प्रिंट मॅनेजमेंटमध्ये प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज, त्यात फॉर्म्स. नवा फॉर्म, रुंदी १०, उंची १२, चारी बाजूंचे समास शून्य, नाव काहीही. मग प्रिंटरच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधल्या प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये तो निवडा. प्रेफरन्सेसमध्ये निवडू नका, तिथला बदल फक्त तुमच्या लॉगिनपुरता राहतो. शेवटी क्रिस्टलच्या रिपोर्टमध्येही पेज सेटअपला तोच फॉर्म, आणि प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत पानाची लांबी १२ इंच. तिन्ही ठिकाणी १२ दिसलं की पहिला कागद फाडायच्या रेषेला लावून वीस चलनं सलग सोडा.

मोल्डिंगसँड

मेनूत ११ होतं, ते १२ केलं. फॉर्मही केला. वीस सोडली, विसावं जिथल्या तिथं.